चामड्याला पडलेले भोक बुजत नाही

सदऱ्याची शिवण चुकली तर शिंपी ती उसवतो, कापडावर पाण्याचा हात फिरवून इस्त्री करतो आणि त्याच जागी पुन्हा टीप मारतो. आधीची भोके शोधूनही सापडत नाहीत. चपलेच्या पट्ट्याची किंवा पिशवीच्या बंदाची शिवण चुकली तर तीही उसवता येते, पण भोके मात्र राहतात ती राहतातच. असे का, हा प्रश्न आठवी-नववीच्या वर्गात अवश्य विचारून पाहावा. ‘चामडे जाड असते म्हणून’ असे उत्तर येण्याचा संभव आहे. ते पुरेसे नाही. हातमोज्याचे मऊ चामडे गोधडीच्या कापडापेक्षा पातळ असते, तरी त्यातले भोक बुजत नाही.

कापडात उभे आणि आडवे धागे एकमेकांवरून गेलेले असतात. त्यांच्यामध्ये फट असते. गोलसर टोकाची सुई त्या फटीत शिरते, धागे बाजूला सारते आणि सुई निघाली की धागे पुन्हा जागेवर येतात. चामड्यात धागेच नाहीत. तेथे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू सर्व दिशांनी एकमेकांत गुंतलेले असतात. वरच्या, केसाळ बाजूला ते फार दाट तर मांसाकडच्या बाजूला जरा सैल. सुईला तेथून जायचे असेल तर तंतू कापावे लागतात, नाहीतर फाडावे लागतात. कापलेला तंतू पुन्हा जुळत नाही. हा एवढा एकच फरक ध्यानात ठेवला, तर चामड्याच्या कामाची हत्यारे आणि यंत्रे आहेत तशीच का आहेत, हे बरेचसे आपोआप उलगडते. नवे यंत्र घेण्यासाठी कर्ज काढणाऱ्या कारागिराचे किंवा बचत गटाचे पैसे वाचतात की वाया जातात, हेही पुष्कळदा याच फरकावर ठरते.

रापीची धार

चर्मकाराचे पहिले हत्यार म्हणजे रापी. रुंद, सपाट पाते, पुढे धार आणि मागे मूठ. चामडे कापायला ती लागतेच, पण तिचे खरे कौशल्याचे काम म्हणजे कडा सोलून पातळ करणे. दोन तुकडे एकावर एक ठेवून शिवायचे असतील तर कडा पातळ केल्याशिवाय जोड जाडजूड होतो आणि पुढे शिवणयंत्रही तेथे अडते.

धारेचे गणित फळ्यावर मांडण्यासारखे आहे. समजा, रापीची २० मिलिमीटर लांबीची धार चामड्यावर टेकली आहे आणि आपण ४० न्यूटन बल लावतो. धारेची जाडी ०.०२ मिलिमीटर असेल तर क्षेत्रफळ ०.४ चौरस मिलिमीटर आणि दाब दर चौरस मिलिमीटरला १०० न्यूटन होतो. धार बोथट होऊन ०.२ मिलिमीटर जाड झाली, की त्याच बलाने दाब १० न्यूटनवर येतो. तेवढेच काम करायचे तर हाताचा जोर दहापट हवा. एवढ्या जोराने दाबलेले हत्यार निसटले, तर ते चामडे धरलेल्या दुसऱ्या हाताकडे जाते. धारदार हत्यार धोक्याचे, असे आपण मुलांना सांगतो. या कामात बोथट हत्यार अधिक धोक्याचे आहे.

रापी पुष्कळदा जुन्या कानशीपासून किंवा करवतीच्या पात्यापासून घासून घेतलेली असते. हे पोलाद चांगले असते, पण धार लावताना एक गोष्ट सांभाळावी लागते. कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या सहाणेच्या चाकावर पाते धरले की कड क्षणात तापते. साधे कार्बनयुक्त पोलाद २२० अंश सेल्सिअसच्या आसपास फिकट पिवळे दिसते, ३०० अंशांच्या सुमारास निळे. निळा रंग दिसला म्हणजे तेवढ्या भागाचे पाणी उतरले. तो मऊ झाला आणि त्याची धार टिकणार नाही. तो भाग घासून काढून टाकावा लागतो, म्हणजे पात्याचे आयुष्य तेवढे कमी होते. म्हणून पाते वारंवार पाण्यात बुडवावे, किंवा सरळ ओल्या दगडावर हातानेच धार लावावी. त्यात वेळ जातो, पण रापी वर्षानुवर्षे टिकते. शेवटचा हात चामड्याच्याच पट्टीवर फिरवायचा. केशकर्तनालयात वस्तरा पट्ट्यावर घासताना पूर्वी सर्वांनी पाहिले आहे. तीच ही क्रिया.

आरी, आणि तिच्यातून निघालेले यंत्र

दुसरे हत्यार आरी. हिच्या टोकाजवळ एक बारीक खाच असते. कारागीर वरून आरी टोचतो, खालच्या हाताने दोरा त्या खाचेत अडकवतो, आरी वर ओढतो. दोऱ्याचा फास वर आला की त्यातून वरचा दोरा ओवून दोन्ही टोके आवळायची. एक दोरा वरून, एक खालून आणि दोघांची गाठ चामड्याच्या जाडीत लपलेली! शिवणयंत्राची टीप हीच असते. फरक इतकाच की यंत्रात फास वरून खाली जातो आणि खालचा दोरा बॉबीनमधून येतो. कच्छच्या मोची कारागिरांनी याच हत्याराने साखळी टाक्याचे नाजूक भरतकाम केले. त्या कामाला आजही ‘आरी’ हेच नाव आहे.

शिवणयंत्राच्या इतिहासाची सुरुवातही कापडापासून नव्हे, चामड्यापासून सांगता येते. इंग्लंडमध्ये १७९० साली थॉमस सेंट याने जे पेटंट घेतले त्यात चामडे शिवण्याच्या यंत्राचे वर्णन आहे. त्याच्या यंत्रात आधी एक आरी भोक पाडी आणि मागून येणारी सुई त्या भोकातून दोरा खाली ढकली. म्हणजे कारागिराच्या हाताची नक्कलच. हे वर्णन डिंक आणि वार्निशांच्या कृतींसोबत एकाच पेटंटात असल्यामुळे ऐंशीहून अधिक वर्षे कोणाच्या लक्षात आले नाही. पुढे टोकाशीच नेढे असलेली सुई आली, आणि एलियस हाउ याला १८४६ साली अमेरिकेत दोन दोऱ्यांच्या टाक्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले. भोक पाडणे आणि दोरा नेणे ही दोन्ही कामे तेव्हापासून एकाच सुईकडे आली.

सुईचा क्रमांक, टाक्याची लांबी

सुईच्या पाकिटावर १४/९० किंवा १८/११० असे छापलेले असते. त्यातला मोठा आकडा म्हणजे सुईची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ११० म्हणजे १.१ मिलिमीटर. चामड्यासाठीच्या सुईचे टोक गोल नसते, त्याला धार असते. ते नखावर हळूच टेकवले तरी जाणवते. ही सुई चीर पाडते. सगळ्या चिरा शिवणीच्याच रेषेत आल्या तर त्या एकमेकींना जुळू पाहतात. शिवणीशी तिरप्या आल्या तर मध्ये अधिक चामडे उरते आणि टाकाही जरा तिरका, देखणा दिसतो.

आता पोस्टाचे तिकीट आठवा. ते भोकांच्या रेषेवर फाटते, कारण भोके जवळजवळ असतात. १.१ मिलिमीटरच्या सुईने २ मिलिमीटर अंतरावर टाके घातले तर दोन भोकांमध्ये फक्त ०.९ मिलिमीटर चामडे उरते. ३.५ मिलिमीटर अंतर ठेवले तर २.४ मिलिमीटर. कापडात बारीक टाके म्हणजे पक्की शिवण. चामड्यात त्याच सवयीने आपण तिकीट तयार करतो. शिवणकामाच्या वर्गातून थेट चामड्याकडे वळणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावे.

यंत्र कोणते घ्यावे?

घरगुती यंत्र मऊ, पातळ चामडे शिवू शकते. पण त्यात माल पुढे सरकवण्याचे काम फक्त खालचे दात करतात. वरचा ‘पाय’ नुसता दाबून धरतो, आणि चामडे त्याला चिकटते. मग खालचा थर पुढे जातो, वरचा मागे राहतो. पातळ कागद ठेवून किंवा चाकाचा पाय बसवून थोडे भागते, इतकेच.

चपला-बुटांच्या दुरुस्तीसाठी हाताने चाक फिरवायचे, लांब बारीक बाहू असलेले यंत्र असते. सिंगरचे २९के हे त्याचे प्रसिद्ध रूप. स्कॉटलंडमधील क्लाइडबँकचा तो कारखाना १९८० साली बंद झाला, तरी त्या धर्तीची यंत्रे आजही बनतात. यात माल वरच्या पायानेच सरकतो आणि तो पाय सर्व दिशांना फिरतो. त्यामुळे बुटाच्या आत, पिशवीच्या कोपऱ्यात, कुठेही टीप मारता येते. मात्र बॉबीन लहान, दोरा फार जाड चालत नाही. पिशव्यांच्या लांब सरळ शिवणी दिवसभर मारायला ते घेऊ नये. त्या कामाला, आमच्या मते, ज्याचा पाय, सुई आणि खालचे दात तिन्ही मिळून माल पुढे नेतात असेच यंत्र हवे. ते महाग असते, पण थर सरकत नाहीत.

मोटरच्या ताकदीची जाहिरात होते. कप्पीकडे कोणी पाहत नाही. मोटरवर लहान आणि यंत्रावर दुप्पट व्यासाची कप्पी असेल तर वेग निम्मा होतो आणि पीळ दुप्पट. चामड्याला वेग नको, पीळ हवा. वेग फार वाढला तर घर्षणाने सुई तापते आणि नायलॉनचा दोरा वितळून तुटतो.

जुने यंत्र घेताना आपल्या कामाचे चामडे आणि आपला दोरा सोबत न्यावा. विक्रेत्याच्या चिंधीवर टीप सुरेखच येते. चाक हाताने सावकाश फिरवून पाहावे. सुई सर्वांत खाली जाऊन सुमारे दोन ते अडीच मिलिमीटर वर आली की दोऱ्याचा फास फुगतो आणि त्याच क्षणी हुकाचे टोक नेढ्याच्या किंचित वरून जायला हवे. सुईबरोबर चामडेही वर उचलले गेले तर फास फुगतच नाही आणि टाका सुटतो. अशा वेळी लोक सुई बदलत बसतात. खरे तर पायाचा दाब वाढवायचा असतो. वर लाल आणि खाली पांढरा दोरा घालून शिवले, की गाठ थराच्या मध्यावर बसते की एका बाजूला ओढली जाते, तेही लगेच दिसते.

तेल, धूळ आणि गंज

यंत्राला यंत्राचेच पातळ खनिज तेल घालावे. करडई किंवा जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून चिकट होते. खोबरेल तर २४-२५ अंशांखाली गोठू लागते; कोल्हापूर-साताऱ्याकडे थंडीच्या सकाळी ते यंत्रातही गोठेल. तेल घातल्यावर आधी रद्दी तुकड्यावर टीप मारावी, नाहीतर डाग मालावर उतरतात. दातांखाली चामड्याचा भुसा दाबून बसतो, तो ब्रशने काढावा. फुंकू नये, तो अधिक आत जातो आणि तोंडाच्या वाफेने गंज चढतो.

गंजाचा येथे दुहेरी त्रास आहे. कोल्हापुरी चपलांचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात. या दोहोंत टॅनिन असते. टॅनिन आणि लोह एकत्र आले की निळसर काळे संयुग तयार होते. आपल्याकडची जुनी काळी शाई याच रीतीने होत असे. गंजकी आरी किंवा हातोडी ओल्या चामड्याला लागली तर जो काळा डाग पडतो तो मळाचा नाही, शाईचा आहे. वर्गात हिरड्याची पूड पाण्यात उकळून गाळा आणि त्यात चिमूटभर हिराकस टाका. पाणी काळे होईल, हवेत ठेवल्यावर अधिकच. त्यावर लिंबू पिळले की रंग फिका पडतो. चपलेच्या न रंगवलेल्या चामड्याचा तुकडा ओला करून त्यावर रात्रभर लोखंडी खिळा ठेवला तर सकाळी तसाच डाग दिसेल. बुटाच्या वरच्या भागाचे, क्रोमियमने कमावलेले चामडे सहसा इतके काळे पडत नाही.

यावरून हत्यारे कशात ठेवू नयेत हेही कळते. चामड्याचे म्यान शोभून दिसते, पण कमावलेले चामडे आम्लधर्मी असते आणि हवेतली ओल धरून ठेवते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, त्यात ठेवलेल्या रापीची धार महिन्याभरात खरवडल्यासारखी होऊ शकते. तेलाचा हात फिरवून ती कोरड्या लाकडी खाचेत, धार कशालाही न टेकता, उभी ठेवावी.