दाबा, मग फिरवा

औषधाच्या बाटलीचं दाबून फिरवायचं झाकण हा माझा फार जुना नाद. त्याचा माग काढत गेलं की आपण कॅनडातल्या विंडसरला पोहोचतो. नदीपलीकडे डेट्रॉइट, त्यामुळे अलीकडे मोटारधंद्याला साचे नि हत्यारं पुरवणारे कारखाने. तिथल्या ओतेल द्यू रुग्णालयात डॉ. आंरी ब्रो १९५७ पासून विषबाधा केंद्र सांभाळत होते. म्हणजे रात्री-अपरात्री पोरांची पोटं धुवत होते. त्या काळी संत्र्याच्या चवीची खास मुलांसाठीची ॲस्पिरिन मिळे. पोरं ती खाऊ समजून फस्त करत.

ब्रो यांनी आधी सगळे करतात तेच केलं. आईबापांना उपदेश. फरक पडेना. मग त्यांनी गावातल्या कारखानदारांनाच गळ घातली, की पोराला उघडणार नाही असं झाकण बनवून द्या. पीटर हेजविक यांनी १९६७ मध्ये ‘पाम-एन-टर्न’ बनवलं आणि त्या भागातली बालविषबाधा ९१ टक्क्यांनी घटल्याची नोंद झाली. ऑन्टारिओत १९७४ मध्ये अशी झाकणं सक्तीची झाली. अमेरिकेने कायदा १९७० मध्येच केला होता.

त्या अमेरिकी कायद्याखालची चाचणीची नियमावली मात्र मी चवीने वाचतो. सरकारी कागद इतका मजेशीर क्वचितच असतो. परीक्षक कोण, तर साडेतीन ते सव्वाचार वर्षांची पोरं. त्यांना जोडीजोडीने, बालवाडीसारख्या ओळखीच्या जागी बसवायचं, हातात बाटली द्यायची आणि उघडून दाखव म्हणायचं. पाच मिनिटं झाली की मोठ्या माणसाने एकदा उघडून दाखवायचं आणि पुन्हा पाच मिनिटं द्यायची. तोवर पोराने दात लावले नसतील, तर हवं तर दात लाव, असंही सांगायचं! एवढं करून शंभरातल्या ऐंशी पोरांना तरी उघडता आलं नाही, तर झाकण पास. उरलेली वीस उघडतील हे गृहीतच धरलंय. ‘चाइल्ड-प्रूफ’ म्हणणाऱ्या जाहिरातदारांपेक्षा हे कारकून प्रामाणिक.

पण भांडण व्हायचं ते झालंच. १९८४ मध्ये किप विस्कुसी या अर्थशास्त्रज्ञाने आकडे पुढे केले: ॲस्पिरिनच्या विषबाधांपैकी सुरक्षित झाकणाच्या बाटल्यांतून झालेल्या १९७२ मध्ये ४० टक्के, तर १९७८ मध्ये ७३ टक्के. त्याचं म्हणणं, झाकणावर विसंबून आईबाप गाफील झाले. शिवाय उघडायचा त्रास नको म्हणून ते बाटली उघडीच ठेवू लागले. पहिलं मला पटत नाही. आजारी पोराची आई झाकण बघून निर्धास्त होते, हे कागदावरचं मानसशास्त्र. दुसरं मात्र शंभर टक्के खरं, आणि त्यात दोष आईचा नाही. मोठ्यांची चाचणी घेतली जाई ती १८ ते ४५ वयाच्या माणसांवर. संधिवाताने बोटं आखडलेल्या आजीला विचारलंच कुणी? १९९५ मध्ये नियम बदलला आणि ५० ते ७० वयाची माणसं चाचणीला बसू लागली.

पुढे ग्रेगरी रॉजर्स यांनी १९९६ मध्ये हिशेब मांडला, की पोटात घ्यायच्या डॉक्टरी चिठ्ठीवरच्या औषधांपुरतं बघितलं तरी १९७४ ते १९९२ या काळात सुमारे ४६० मुलं वाचली. रॉजर्स कायदा राबवणाऱ्या आयोगाच्याच नोकरीत होते, हे ध्यानात ठेवूनही मला हा हिशेब विस्कुसींपेक्षा भक्कम वाटतो.

आपल्या जास्त जवळचा प्रयोग दक्षिण आफ्रिकेतला. तिथे मुलं शीतपेयाच्या बाटलीत ठेवलेलं रॉकेल पीत. एका भागात पोरांना न उघडणारे डबे वाटले आणि शेजारच्या भागाशी तुलना केली. १९९४ मध्ये छापलेला निष्कर्ष असा, की रॉकेल प्यायल्याच्या घटना जवळपास निम्म्यावर आल्या. ती बाटली आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांनाही चांगली ओळखीची आहे. गॅस आला तसं घरातलं रॉकेल कमी झालं. पण दारावर येणारं सुटं फिनेल अजून पाण्याच्या जुन्या बाटलीतच मिळतं, आणि तिचं झाकण दोन वर्षांचं पोरही फिरवतं.