हिवाळ्यातलं आभाळ वाचताना

डिसेंबरातली सकाळ. निफाड तालुक्यात मामांच्या द्राक्षबागेत पोचलो, तेव्हा मामा ट्रॅक्टरला ब्लोअर जोडायच्या गडबडीत होते. आदल्या संध्याकाळी मोबाइलवर निरोप आला होता : ‘नाशिक जिल्ह्यात ढगाळ हवामान, तुरळक ठिकाणी हलका पाऊस.’ वर राखाडी आभाळ, खाली नुकते मणी धरलेले घड. डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीनं मामांनी दोन दिवसांत दोनदा औषध मारलं, आणि पाऊस काही आला नाही. ‘हवामानवाल्यांचं कधी खरं ठरतंय का?’ मामा वैतागून म्हणाले. औषध, डिझेल, मजुरी असा सगळा खर्च अंगावर पडल्यावर माणूस वैतागणारच. पण अंदाज चुकला नव्हता. तो वाचायचा कसा, हे शेतकऱ्याला कुणी नीट सांगितलेलं नव्हतं, आणि याची मला फार खंत वाटते.

‘तुरळक ठिकाणी’ हा शब्द मोघम वाटतो, पण हवामान विभागाच्या भाषेत त्याला माप आहे. त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर 25 टक्के केंद्रांवर पाऊस, म्हणजे तुरळक. 26 ते 50 टक्के म्हणजे ‘काही ठिकाणी’. ‘हलका पाऊस’ म्हणजे चोवीस तासांत 2.5 ते 15.5 मिलिमीटर. थोडक्यात, चार गावांपैकी तीन कोरडी राहिली आणि चौथ्यात अंगण भिजण्यापुरत्या सरी आल्या, तरी अंदाज बरोबरच. मामांचं गाव त्या तिनांतलं होतं.

आभाळ आलं की पाऊस येणारच, हा त्याहून जुना समज. तो आपल्याला पावसाळ्यानं लावला आहे. ढगातला थेंब साधारण 0.02 मिलिमीटरचा असतो. असे दहा लाखांच्या आसपास थेंब एकत्र आले तर पावसाचा एक नीटसा थेंब होतो. पावसाळ्यात ढग जाड असतात आणि जमिनीपर्यंतची हवा ओली असते, म्हणून ते जमतं. हिवाळ्यात आपल्याकडे येणारं आभाळ बरेचदा दोन ते सहा किलोमीटर उंचीवरच्या पातळ थरांचं असतं आणि त्याखालची हवा कोरडी ठणठणीत. थेंब ढगातून सुटला तरी वाटेतच वाळून जातो. हे डोळ्यांनी दिसतंही. ढगाच्या पोटाखाली करड्या झिरमिळ्या लोंबत असतात आणि जमिनीला टेकण्याआधीच विरतात. मामांना त्या दाखवल्या, तेव्हा ते बराच वेळ बांधावर उभं राहून बघत होते. अर्थात पाऊस नाही म्हणून बाग निर्धास्त, असंही नाही. ढगाळ हवेत ओली पानं उशिरा वाळतात, आणि बुरशीला तेवढं पुरतं.

चंद्राला खळं पडलं की पाऊस, असं आजी सांगायची. सहा किलोमीटरपेक्षा उंचावरच्या पातळ ढगांतल्या बर्फाच्या स्फटिकांतून चांदणं वळतं आणि ते कडं दिसतं. वर ओलावा सरकतोय, एवढंच त्यातून कळतं. पाऊस येईलच असं नाही.

‘ढग आले, आता थंडी वाढणार’ हे तर दर हिवाळ्यात ऐकू येतं. होतं उलटं. रात्री जमीन आपली उष्णता वर सोडत असते. आभाळ मोकळं असलं की ती निघून जाते आणि पहाटे पारा घसरतो. ढग असले की ते त्यातली बरीच परत खाली धाडतात. म्हणून ढगाळ रात्री किमान तापमान चढतं. दिवसा ऊन नसतं, कमाल तापमान उतरतं आणि हुडहुडी भरते, त्यानं फसायला होतं. खरी थंडी ढग पांगून उत्तरेचे कोरडे वारे सुरू झाले की येते. बागेत पहाटे शेकोट्या पेटवायची वेळ त्या चांदण्यांच्या रात्रींची.

अशाच रात्रींनंतर ‘महाबळेश्वरला बर्फ पडला’ अशी बातमी येते. वेण्णा तलावाकाठचे ते हिमकण आभाळातून पडलेले नसतात. दवही तसं ‘पडत’ नाही. जमिनीलगतच्या हवेतला ओलावा गार पानावर जमतो आणि पान शून्याखाली गेलं की तिथंच गोठतो. मग त्या दिवशीचं अधिकृत तापमान शून्याच्या बरंच वर कसं? तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर, सावलीच्या पेटीत असतो. निवांत, निरभ्र रात्री गवताच्या पात्याजवळ त्याहून कितीतरी अंश गार असतं. दोन्ही आकडे खरेच.

गारपिटीबद्दलचा गैरसमज मात्र महाग पडतो. कडाक्याच्या थंडीनं गारा पडतात, असं धरून थंडी ओसरली की लोक निश्चिंत होतात. 2014 साली मराठवाडा-विदर्भाला झोडपणारी गारपीट फेब्रुवारी-मार्चमधली होती. तेव्हा जमीन तापायला लागलेली असते, समुद्रावरून ओलावा येतो आणि पश्चिमी झंझावातामुळे वरची हवा अतिथंड झालेली असते. खालची हवा जोरानं वर उसळते आणि थेंबांना गोठणपातळीच्या वर उचलून धरते. गार तिथं थरावर थर चढून वाढते. दुपारनंतर फुलकोबीच्या गड्ड्यासारखा ढग उंच चढताना दिसला, तर त्याला घाबरावं. राखाडी चादरीला नव्हे.

अलर्टचे रंगही पावसाचं माप सांगत नाहीत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा. नुसत्या विजांसाठीही पिवळा निघतो.

आता मामा जिल्ह्याचा अंदाज वाचून थांबत नाहीत. ‘मेघदूत’ ॲपवरचा कृषी सल्ला बघतात, पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा बघतात आणि मग बागेत जाऊन घडाखालचं पान उलटून बोट फिरवतात. गेल्या खेपेला आभाळ भरलेलं होतं, पान कोरडं होतं. ब्लोअर शेडमध्येच राहिला.