अद्वैताची शांती आणि बुद्धाची कसोटी

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर थोडा वेळ चर्चा होते. मागे एकदा एक तरुण दहा दिवसांचे विपश्यना शिबिर करून आला होता. तो म्हणाला, "काका, सातव्या दिवशी शरीराची हद्दच विरघळली. मी वेगळा, जग वेगळे, असे काही राहिलेच नाही. सगळे एकच आहे. मग जात उरली कुठे?" त्याच आठवड्यात त्याच्या थोरल्या बहिणीला आडनाव ऐकून भाड्याची खोली नाकारली गेली होती. ती मागे बसली होती. ती एवढेच म्हणाली, "जात घरमालकाकडे उरली रे."

दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते. भावाचा अनुभव खरा होता, बहिणीचाही खरा होता. प्रश्न असा की, पहिल्या अनुभवाच्या जोरावर दुसऱ्याचे तोंड बंद करता येते काय? आपल्या समाजात आज ध्यानाची ओढ वाढते आहे. ती वाढावी. पण या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय ती वाढू नये, असे मला वाटते.

'सगळे एकच' हा सिद्धान्त आपल्याला नवा नाही. सामान्यतः आठव्या शतकातले मानले जाणारे शंकराचार्य हेच सांगतात: ब्रह्म एकच, बाकीचा भेद मायिक. परंतु त्यांच्याच ब्रह्मसूत्रभाष्यात 'अपशूद्राधिकरण' आहे. शूद्राला वेदाधारित ब्रह्मविद्येचा अधिकार नाही, असा तेथे निर्णय आहे. इतिहास-पुराणे ऐकण्याची मुभा आहे. पण वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानांत शिसे व लाख ओतण्याचे स्मृतिवचनही तेथेच आधाराला घेतले आहे. ही विसंगती त्यांना बोचली नाही, कारण सत्याचे दोन मजले बांधलेले होते. पारमार्थिक मजल्यावर सारे एक, व्यावहारिक मजल्यावर वर्णभेद कायम. वरच्या मजल्यावरचे ऐक्य खाली कधी उतरलेच नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे अचूक हेरले होते. त्यांच्या हयातीत अप्रकाशित राहून १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या 'रिडल्स इन हिंदुइझम' या ग्रंथात ते ब्रह्मसिद्धान्ताला न्याय देऊन बोलतात. प्रत्येक माणूस ब्रह्माचा अंश असेल तर सर्व माणसे समान ठरतात. लोकशाहीला याहून भक्कम पाया कोणता? मग त्यातून समाजधर्म का निर्माण झाला नाही, असा त्यांचा रोकडा सवाल आहे. तत्त्वज्ञान पोथीत राहिले आणि व्यवहार मनुस्मृतीने चालवला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी प्याले. त्यानंतर शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे १०८ घडे ओतून ते तळे 'शुद्ध' करण्यात आले. सर्वत्र एकच ब्रह्म पाहणाऱ्यांच्या देशात ही गोष्ट घडली.

बुद्धाचा मार्ग येथेच वेगळा होतो. आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्याकडे गौतमाने त्या काळातल्या सर्वोच्च समाधि-अवस्था साध्य केल्या. तो तेथे थांबला नाही. त्या अवस्था खोट्या नव्हत्या. त्यांनी तृष्णा आणि दुःख यांचे मूळ उपटले जात नव्हते. दीघनिकायातल्या पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजालसुत्तात, ६२ मिथ्या दृष्टी मांडल्या आहेत. त्यांतल्या कितीतरी ध्यानातल्या अनुभवातून जन्मलेल्या आहेत. साधकाला काही दिसते, आणि तो त्यावरून आत्मा शाश्वत असल्याचा निष्कर्ष काढतो. अनुभव आला म्हणून त्यावरचा निष्कर्ष बरोबर ठरत नाही, हा यातला धडा. शरीराची हद्द विरघळल्याचे जाणवणे ही एक संवेदना आहे, आणि तीही अनित्य आहे.

बौद्ध परंपरेतही 'अद्वय' हा शब्द येतो आणि घोटाळा होतो. अद्वैत म्हणजे एकच तत्त्व आहे, दुसरे नाही. अद्वय म्हणजे 'आहे' आणि 'नाही' या दोन्ही टोकांना न चिकटणे. नागार्जुन कोणतेही अंतिम तत्त्व उभे करीत नाही. सारे काही कारणांवर अवलंबून आहे, एवढेच तो दाखवतो. सत्ये दोन आहेत, असे तोही मानतो. पण व्यवहाराचा आधार घेतल्याशिवाय परमार्थ सांगताच येत नाही, हेही तो बजावतो. शून्यता चुकीची धरली तर ती चुकीच्या जागी धरलेल्या सापासारखी उलटून डसते, हा इशाराही त्याचाच. म्हणजे धोका आपल्या घरातही आहे. 'अनात्म आहे, मग अन्याय कोणावर झाला?' असे म्हणणारा बौद्ध हा साप शेपटीकडून धरतो. जात कारणांतून उपजली असेल तर कारणे हटवून ती मोडता येते. प्रतीत्यसमुत्पादाचा आपल्यासाठी हा अर्थ आहे.

बुद्धाने समतेसाठी गूढ ऐक्याचा आधार घेतलेला नाही. अस्सलायनसुत्तात जन्मश्रेष्ठत्व सांगणाऱ्या ब्राह्मण तरुणाला तो विचारतो: ब्राह्मणांच्या स्त्रियांनाही ऋतू येतो, गर्भ राहतो, त्या प्रसवतात, हे खरे ना? चांडाळाने एरंडाच्या लाकडावर पेटवलेल्या अग्नीत ज्योत आणि ऊब नसते काय? डोळ्यांना दिसणारी, हाताला जाणवणारी ही समता आहे. तिच्यासाठी समाधी लावावी लागत नाही. म्हणूनच तिच्यापासून पळून जायला वरचा मजलाही मिळत नाही.

१९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म'च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी विचारले आहे: भिक्खू हा परिपूर्ण पुरुष व्हावा की समाजसेवक? केवळ स्वतःच्या पूर्णत्वात रमलेल्या भिक्खूला त्यांनी स्वार्थी ठरवले. हीच कसोटी उपासकालाही लागू आहे. ध्यानाने राग निवळला, व्यसन सुटले, भीती गेली, तर ते ध्यान कामाचे. त्याच ध्यानाने शेजाऱ्याचे दुःख दिसेनासे झाले, तर ती शांती नव्हे, गुंगी आहे.

त्या तरुणाला मी शिबिराला जाऊ नकोस असे सांगितले नाही. एवढेच म्हणालो, "पुढच्या वेळी डोळे मिटण्यापूर्वी ताईबरोबर खोली शोधायला जा. चित्त स्थिर ठेव, आणि घरमालकाशी बोल." तो गेला. दोन दरवाजे बंद झाले, तिसरा उघडला. परत आल्यावर तो मला म्हणाला, "काका, स्थिर राहणे तिथे जास्त अवघड होते."

मला वाटते, त्याची साधना त्या दिवशी सुरू झाली.