घाटाखालच्या रेकॉर्डी

बुलढाणा जिल्ह्याचे दोन मुलूख, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली त्यामानाने गार. मलकापूर, नांदुरा, खामगाव उन्हाळ्यात भाजून निघतात. तिथे मे महिन्यात टिनाखाली आडवीतिडवी ठेवलेली विनाइलची एलपी वाकते आणि व्हायोलिनचा लांब सूर डगमगू लागतो. पण जुन्या सिनेगीतांच्या रेकॉर्डींचे खरे हाल उन्हाने नव्हे, भोंग्याने केले. लग्नाचा मांडव असो की टुरिंग टॉकीजचा तंबू, जड हाताच्या प्लेअरवर एकच लोकप्रिय बाजू पुन्हा पुन्हा वाजायची.

एलपीआधीच्या, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या रेकॉर्डी लाखेच्या. 10 इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम 3 मिनिटे मावत, म्हणून पडद्यावरचे लांब गाणे रेकॉर्डसाठी कापावे लागे किंवा दोन्ही बाजूंवर विभागावे लागे. या रेकॉर्डींना खरखरीची म्हणून नावे ठेवतात, ते मला पटत नाही. त्यांची खाच रुंद असते. तिला सुमारे 75 मायक्रॉनचे टोक लागते, एलपीच्या सुईचे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे किंवा त्याहून बारीक. ही बारीक सुई खाचेच्या तळाशी उतरते, जिथे वर्षानुवर्षांची धूळ बसलेली असते. योग्य सुई खाचेच्या भिंतींवर टेकते आणि गायिकेने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येतो.

एलपीचे दुखणे वेगळे. फेऱ्यांचा वेग बाजूभर तोच, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 50 सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम 21. तेवढ्याच आवाजाला जागा कमी, म्हणून बाजूच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ फाटतात.

कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात दाबलेली साठच्या दशकातली मोनो रेकॉर्ड चांगल्या अवस्थेत मिळाली, तर ती आधी घ्यावी. मोनो मुद्रणाचे खर्ज-तार दोन बाजूंना वाटून पुढे जी कृत्रिम स्टिरिओ आवृत्ती काढली गेली, तिच्यात गळा पोकळ होतो. मूळ मोनोत लतादीदी समोर उभ्या राहतात, ढोलक मागे. अॅम्प्लिफायरचे मोनो बटण दाबले की खाचेच्या वरखाली हलण्यातून येणारी बरीच खरखरही जाते.

विकत घेताना तबकडी उजेडात तिरकी धरावी. धूळ धुता येते. खाचा राखाडी दिसल्या, तर भोंग्याने त्यांच्या भिंती झिजवलेल्या असतात, त्याला इलाज नाही.