हृदयाची गती आणि गळ्यातील ग्रंथी

“डॉक्टर, आता वय झालं, दुसरं काय!” बहात्तर वर्षांच्या एका आजींनी माझ्या दवाखान्यात खुर्चीवर टेकता टेकता असे म्हटले आणि सोबत आलेल्या सूनबाईंनीही मान डोलावली. चार-पाच महिन्यांपासून आजींना जिना चढताना धाप लागत होती. चेहरा व पाय सुजले होते, थंडी सोसवत नव्हती, शौचास साफ होत नव्हते. नाडी मिनिटाला अवघी 52. याआधी दोनदा मीही त्यांना शक्तिवर्धक गोळ्या देऊन परत पाठवले होते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तिसऱ्या खेपेस थायरॉइडची तपासणी केली, तेव्हा टीएसएचचे प्रमाण फार वाढलेले आढळले.

गळ्यातील या लहानशा ग्रंथीचा हृदयाशी काय संबंध? आपले हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. प्रत्येक ठोक्यास हृदयस्नायूच्या पेशींत कॅल्शियम मोकळे होते, स्नायू आवळतो. ते पुन्हा साठवणीत ओढले गेले की स्नायू सैलावतो. हे ओढून घेणारी यंत्रणा थायरॉइडच्या टी-थ्री या संप्रेरकामुळे जोमाने चालते. त्याच संप्रेरकाने रक्तवाहिन्याही सैल राहतात.

संप्रेरक कमी पडले की हृदय मंदावते, त्याचे आकुंचन दुबळे होते आणि सैलावण्यास वेळ लागतो. कोलेस्टेरॉल वाढते. काहींच्या हृदयाभोवतीच्या आवरणात पाणीही साचते. उलट, संप्रेरक जास्त झाले तर हृदय विनाकारण धावू लागते. वृद्धांमध्ये हे ओळखणे अधिक कठीण असते. हात थरथरणे, उकाडा सहन न होणे ही नेहमीची लक्षणे त्यांच्यात अनेकदा दिसतच नाहीत. वजन घटते, माणूस गप्प गप्प राहतो आणि नाडी अनियमित होते, एवढेच. या अनियमिततेमुळे हृदयात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

इन्सुलिनचेही हृदयाशी असेच नाते आहे. निरोगी हृदय आपली बरीचशी ऊर्जा स्निग्धाम्लांपासून व उरलेली ग्लुकोजसारख्या इंधनांपासून मिळवते. मधुमेहात इन्सुलिनचा प्रभाव ओसरला की हृदय ग्लुकोज नीट वापरू शकत नाही. स्निग्धाम्लांवरील भार वाढतो आणि तेवढ्याच कामाला अधिक प्राणवायू लागतो. वर्षानुवर्षे असे चालल्यास स्नायू ताठर होतो. म्हणूनच रक्तवाहिन्यांत मोठा अडथळा नसतानाही काही मधुमेहींचे हृदय दुर्बल होते.

घरातील मंडळींनी काय करावे?

सकाळी विश्रांतीच्या स्थितीत मनगटावरील नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी आणि ती नियमित आहे का, हेही पाहावे. आठवड्यातून एकदा वजन नोंदवावे. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर द्यावी. चहा किमान अर्ध्या तासानंतर. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्यांमध्ये आणि या गोळीमध्ये चार तासांचे अंतर ठेवावे. लवकर बरे वाटावे म्हणून मात्रा स्वतःहून वाढवू नये. वृद्धांना ही गोळी अल्प मात्रेपासूनच सुरू करतात, कारण हृदयावर एकदम ताण आला तर छातीत दुखू शकते. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन हे औषध चालू असेल, तर त्यातील आयोडीनमुळे थायरॉइड बिघडू शकते, याची डॉक्टरांना आठवण करून द्यावी. छातीत दुखणे, अचानक वाढलेली धाप किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही झाल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

मात्र प्रत्येक थकव्याचे खापर थायरॉइडवर फोडू नये. वयानुसार टीएसएच किंचित वाढणे स्वाभाविक असते आणि तशा प्रत्येकाला गोळीची गरज नसते.

माझा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे. चार महिन्यांनी आजी तो जिना मध्ये न थांबता चढून आल्या. त्यांचे वय तेवढेच होते. ‘वय झालं’ हे निदान नव्हे, हे त्यांनी मला शिकवले.