घरातलं नेटवर्क (लेखांक ७) : साक्षीदाराला आरोपी करू नका

मागच्या लेखांकात ओपीएनसेन्स ही फायरवॉल बसवून नियम लिहून झाले. त्यानंतर नेट पहिल्यांदा अडकलं की घरातला प्रत्येकजण त्या नव्या डब्याकडे बोट दाखवणार, आणि बसवणाराही एकेक नियम बंद करत सुटणार. हा उलटा कारभार आहे. फायबरवाल्याचा ओएनटी, वायफायचं यंत्र, मोबाइल यांपैकी कोणीच आपल्यातून काय गेलं, काय आलं ते धड सांगत नाही, फायरवॉल सांगते. तेव्हा तिला पिंजऱ्यात उभं करण्याआधी साक्षीदार म्हणून तिची जबानी घ्यावी.

सगळ्यात बोलकं लक्षण म्हणजे अर्धवट चालणारं नेट. मेसेज जातात, पिंगला उत्तर येतं, बरीच पानं उघडतात; पण एखाद्या बँकेचं पान अडकतं ते अडकतंच. दोष डीएनएसचा असता तर जोडणी सुरूच झाली नसती. ४४३ पोर्ट अडवणारा नियम असता तर एकही सुरक्षित पान उघडलं नसतं. राहतो तो पॅकेटच्या आकाराचा प्रश्न. इथरनेटवर पॅकेट १५०० बाइटचं चालतं. फायबरच्या लॉगिनसाठी वापरलं जाणारं पीपीपीओई त्यातले ८ स्वतःकडे ठेवतं, उरतात १४९२. पीपीपीओईचं लॉगिन ओएनटीच करत असेल, तर त्याच्यामागच्या फायरवॉलला या कपातीचा पत्ताच नसतो. ती १५०० धरून चालते, बँकेचा सर्व्हरही तेच धरतो. जोडणी जुळवणारी छोटी पॅकेटं सुखरूप ये-जा करतात. मग सर्व्हर आपलं प्रमाणपत्र पाठवतो, आणि ते मोठं पॅकेट फायबर कंपनीच्या टोकाला मावत नाही. ‘लहान करून पाठव’ असा आयसीएमपी निरोप सर्व्हरला मिळायला हवा. पण त्याच्या वाटेवर कोणीतरी सुरक्षिततेच्या नावाखाली आयसीएमपी सरसकट बंद केलेलं असतं. (हा अतिशहाणपणा भल्याभल्या ठिकाणी चालतो.) सर्व्हर तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि आपण कोऱ्या पानाकडे बघत बसतो.

हा झाला तर्क. पुराव्यासाठी ओपीएनसेन्सच्या इंटरफेसेस मेन्यूत पॅकेट कॅप्चर आहे. ते वॅन आणि लॅन दोन्हीकडे चालवून तेच पान उघडावं. सर्व्हरचं उत्तर वॅनवर दिसलं आणि लॅनवर पोचलं नाही, तर चूक फायरवॉलची. वॅनवरच आलं नाही, तर नियम कितीही उलटेसुलटे केले तरी फरक पडायचा नाही. जोडीला पॅकेट फोडू न देणारं पिंग करावं. शीर्षकांचे २८ बाइट वेगळे धरायचे, म्हणून १४६४ ला उत्तर आलं आणि १४७२ ला आलं नाही की १४९२ ची मर्यादा पक्की. मग वॅनच्या पानावर एमएसएसच्या (एका पॅकेटातल्या मजकुराच्या कमाल आकाराच्या) रकान्यात १४९२ भरावं. ४० वजा करून १४५२ चा आकडा ओपीएनसेन्स स्वतःच सर्व्हरला कळवतं. नियमांना हात लावावा लागत नाही.

एवढी उठाठेव कशाला, रीस्टार्ट केलं की चालतं, असं कोणी म्हणेल. कधी कधी चालतंही, पण का, ते पाहायला हवं. ओपनबीएसडीमधून २००१ साली आलेलं पीएफ हे ओपीएनसेन्सच्या पोटातलं इंजिन. ते मंजूर झालेल्या प्रत्येक जोडणीची नोंद स्टेट टेबलात ठेवतं आणि पुढची पॅकेटं त्या नोंदीवरच सोडतं. त्यामुळे नियम बदलला तरी चालू जोडणी जुन्याच हिशेबाने चालत राहते. रीस्टार्टने टेबल पुसलं जातं, बदल लागू होतो आणि श्रेय रीस्टार्टला मिळतं. हव्या तेवढ्याच नोंदी स्टेट्सच्या पानावरून काढता येतात. त्यासाठी अख्खं घर बंद पाडायची गरज नाही.

दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे. मुलाची ऑनलाइन परीक्षा खोळंबली असताना कॅप्चर वाचत बसायचं का? मुळीच नाही. तेव्हा लॅपटॉप सरळ ओएनटीला जोडावा आणि काम पुढे न्यावं. तीही एक चाचणीच आहे : तिथेही तेच पान अडकलं, तर तक्रारीचा फोन कोणाला लावायचा ते ठरलं.