टर्बोचा जीव तेलात

मनावरहून सिमेंट भरून निघालेला ट्रक धारकडे जाताना विंध्याची चढण चढतो, तेव्हा त्याच्या इंजिनाला क्षणाची उसंत नसते. निमाडच्या सखल पट्ट्यातून माळव्याच्या पठारावर यायचं म्हणजे काहीशे मीटर वर चढायचं, तेही खालच्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर दाबून धरून. वर पोचलं की ढाबा दिसतो. ड्रायव्हर गाडी कडेला घेतो आणि लगेच चावी फिरवतो. इंजिन बंद होतं, पण केबिनखाली एक छोटं चाक अजून काही सेकंद फिरत राहतं. त्याला तेल पुरवणारा पंप मात्र इंजिनाबरोबरच थांबलेला असतो.

ते चाक टर्बोचार्जरचं. एका शाफ्टच्या दोन टोकांना दोन चाकं, एवढीच त्याची मूळ रचना. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एका चाकाला फिरवतो, त्याच शाफ्टवरचं दुसरं चाक बाहेरची हवा ओढून, दाबून सिलिंडरमध्ये भरतं. हवा जास्त मिळाली की जास्त डिझेल नीट जळतं आणि त्याच आकाराचं इंजिन जास्त ओझं ओढतं. जी उष्णता सायलेन्सरमधून वाया गेली असती, तिच्यातलाच काही भाग इथे कामाला लागतो.

वेगाचा आकडा मात्र थक्क करणारा आहे. ट्रकच्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या घरात जातो, मोटारीतला लहान टर्बो त्याच्याही पुढे. सहा सेंटीमीटर व्यासाचं चाक मिनिटाला एक लाख फेऱ्या मारत असेल, तर त्याची कड सेकंदाला ३१४ मीटर अंतर कापते. हवेतला ध्वनीचा वेग साधारण ३४३ मीटर. या वेगात धातूला धातू घासला तर काही सेकंदांत खेळ खलास. म्हणून बहुतेक टर्बोंत शाफ्ट दोन बुशांमध्ये बसवलेला असतो आणि हे बुश आतून-बाहेरून तेलाच्या थरावर तरंगत असतात, स्वतःही फिरत असतात. हा थर मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढा जाड. सगळा डोलारा त्यावर उभा.

हेच तेल उष्णताही वाहून नेतं. डिझेल इंजिनाचा धूर चढणीवर सातशे अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकतो, पेट्रोल इंजिनात तो नऊशेच्याही वर जातो. धुराकडच्या चाकापासून बुश जेमतेम काही सेंटीमीटरवर. मध्ये सतत वाहणारं तेल नसेल, तर ती सगळी आच सरळ बुशावर येते.

या भागातल्या वाचकाला टर्बो परका वाटायचं कारण नाही. पवारांची थोरली आणि धाकटी पाती जिथे शेजारी-शेजारी राज्य करत होती, त्या देवासमध्ये टाटा आणि होलसेट यांच्या भागीदारीत १९९४ साली टर्बोचार्जरचा कारखाना उभा राहिला. होलसेट ही मूळची इंग्लंडमधल्या हडर्सफील्डची कंपनी, १९७३ पासून कमिन्सच्या मालकीची. धार जिल्ह्यातल्या पिथमपूरला तर ट्रक तयार होतात: आयशरने १९८६ मध्ये मित्सुबिशीच्या सहकार्याने तिथे उत्पादन सुरू केलं, आणि आज तिथेच व्होल्वो समूहासाठी इंजिनं बनतात. ज्या ट्रकच्या टर्बोची चढणीवर परीक्षा होते, तो ट्रक आणि तो टर्बो दोन्ही याच मुलखात जन्मलेले असू शकतात.

कल्पना त्याहून कितीतरी जुनी. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी धुरावर चालणाऱ्या या पंपाचं पेटंट १९०५ मध्ये मिळवलं. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी टर्बो जोडलेलं विमानाचं इंजिन थेट पाइक्स पीक या सुमारे १४,००० फूट उंचीच्या डोंगरावर नेऊन चालवून दाखवलं. विरळ हवेतही त्याची ताकद समुद्रसपाटीइतकीच राहिली. पुढे १९२० च्या दशकात ब्यूखी यांच्या देखरेखीखाली दोन जर्मन जहाजांच्या इंजिनांची ताकद १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. आपल्याकडच्या ट्रकांमध्ये टर्बो सरसकट आला तो मात्र प्रदूषणाचे नियम कडक होऊ लागल्यावर. त्याआधीची साधी इंजिनं चढण चढून आल्या-आल्या बंद केली तरी सहन करत. ड्रायव्हरांचे हात त्या इंजिनांवर घडले आणि सवय तशीच पुढे आली.

आता पुन्हा त्या बंद केलेल्या इंजिनाकडे. तेलाचा प्रवाह थांबला, पण धुराकडचं ओतीव लोखंडी घर अजून प्रचंड तापलेलं आहे. ती उष्णता शाफ्टमधून बुशांकडे सरकते. तिथे अडकून राहिलेलं थेंबभर तेल जळतं आणि कढईच्या तळाला बसतो तसा काळा, टणक थर मागे ठेवतं. एकदा असं झालं म्हणून टर्बो मरत नाही. पण रोज झालं की थरावर थर चढतो, तेलाच्या बारीक वाटा अरुंद होतात, पापुद्रे सुटून बुशांत जातात. काही महिन्यांनी शिट्टीसारखा आवाज वाढतो, पिकअप पडतो आणि मग निळा धूर दिसू लागतो.

उपाय फुकटचा आहे. जोरात चालवून आणल्यावर इंजिन तीन ते पाच मिनिटं आयडलवर ठेवावं, असं ट्रकच्या इंजिनांच्या पुस्तिका सांगतात. तेवढ्यात धूर थंड होतो, शाफ्टचा वेग उतरतो, तेल आतली उष्णता काढून नेतं. सकाळी सुरू करतानाही तेच: तेल टर्बोपर्यंत पोचायला काही क्षण लागतात, तोवर रेस द्यायची नाही. शहरात हळू फिरून घरी आलेल्या मोटारीला इतकं थांबायची गरज नसते, आणि अलीकडच्या अनेक पेट्रोल टर्बोंना पाण्याचीही थंडाई मिळते. घाट चढून किंवा महामार्गावर गाडी दामटून थेट ढाब्यावर उभी करणाऱ्याला मात्र ही सूट नाही.

दुसरी सवय तेल बदलण्याची, आणि खरी हेळसांड होते ती इथे. ‘अजून चाललं असतं’ म्हणत मालक हजार-दोन हजार किलोमीटर पुढे ढकलतो, कधी ऑइल बदलतो पण फिल्टर जुनाच ठेवतो. फिल्टर घाणीने तुंबला की इंजिन कोरडं पडू नये म्हणून त्यातली बायपास झडप उघडते आणि न गाळलेलं तेल पुढे जातं. इंजिनाची जाड बेअरिंग ते काही काळ सोसतात. लाखभर फेऱ्यांच्या बुशाला ते सोसत नाही.

गेजवरचं तेल बोटावर घेऊन रंग बघायची पद्धत इथे फसवी आहे. डिझेल इंजिनात नवं ऑइल काही दिवसांतच काळं होतं, कारण काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच असतं. ते कधी थकलं, हे रंगावरून कळत नाही. कंपनीने दिलेलं अंतर हे नेमून दिलेल्या ग्रेडच्या तेलासाठी आणि साधारण वापरासाठी असतं. धुळीचे रस्ते, सततचे चढ, पूर्ण भार, तासन्‌तास आयडलवर उभी गाडी हा ‘कठीण वापर’ ठरतो, आणि पुस्तिकेत त्यासाठी कमी अंतर लिहिलेलं असतं. खाणीतून कारखान्यात आणि कारखान्यातून घाटात जाणाऱ्या गाडीला या सगळ्या अटी एकदम लागू पडतात.

एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांनी यात आणखी एक गुंता घातला. त्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ करण्यासाठी अनेक इंजिनांत सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडलं जातं आणि त्यातलं थोडं झिरपून ऑइलमध्ये उतरतं. छोट्या-छोट्या फेऱ्यांत ही सफाई अर्धवट राहिली तर तेच पुन्हा पुन्हा होतं. म्हणून गेजवर पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नये. डिझेल मिसळून पातळ झालेलं ऑइल बुशाला तरंगत ठेवू शकत नाही. या गाड्यांना कमी राख सोडणारं ऑइल लागतं. दुकानात स्वस्तात मिळालेला कुठलाही डबा त्यांना चालत नाही.

मेलेला टर्बो उघडून टेबलावर ठेवला की जाणता मिस्त्री त्याची कहाणी वाचू शकतो. शाफ्ट निळसर-जांभळा पडला असेल तर तेल पोचलंच नव्हतं. शाफ्टवर आणि बुशावर गोल चरे पडले असतील तर तेलात कचरा होता. काळा टणक थर दिसला तर इंजिन तापलेलं असतानाच बंद होत होतं. हवेकडच्या चाकाच्या पात्यांची टोकं झिजली असतील तर एअर फिल्टर किंवा त्याच्या पाइपमधून धूळ शिरत होती. आणि नुसतं तेल गळतंय, बाकी सगळं धड आहे, असं असेल तर आधी तेल इंजिनाच्या तळाच्या चेंबरकडे परत नेणारा पाइप तपासायचा. टर्बोत रबरी ऑइल सील नसतो, पिस्टनसारख्या बारीक रिंगा असतात. परतीची वाट तुंबली की तेल त्यांच्यातून बाहेर येतं आणि दोष टर्बोच्या माथी बसतो.

पंचवीस-तीस हजारांचा नवा टर्बो टाकून गाडी पुन्हा रस्त्यावर आणण्याची घाई समजण्यासारखी आहे. उभ्या ट्रकचा हप्ता थांबत नाही. पण मूळ कारण तसंच राहिलं तर नवाही त्याच वाटेने जातो. म्हणून टर्बो बदलताना तेल आणणारा पाइप नवा घालायचा, परतीचा पाइप आतून साफ करायचा, ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलायचे. जोडावर गळती रोखणारं शेलॅक थापायचं नाही, कारण त्याचा एक तुकडा सुटला तरी तेलाचं भोक बंद करायला पुरेसा असतो. बसवण्याआधी तेलाच्या तोंडातून स्वच्छ ऑइल ओतून चाक हाताने फिरवायचं. नंतर डिझेल बंद ठेवून, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत सेल्फ मारायचा आणि मगच इंजिन सुरू करून काही मिनिटं आयडलवर ठेवायचं. या सगळ्याला गॅरेजमध्ये फार तर तासभर जास्त लागतो.